जस्ताचा रोग

"जुन्या वस्तू कशा मजबूत असायच्या!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. हॉर्नबी डब्लोची खेळण्यातली इंजिनं दुरुस्त करायचा नाद लागल्यापासून मला ते अर्धंच खरं वाटतं.

हे डब्लो प्रकरण लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं. १९३८ साली बाजारात आलं. 'डबल ओ' या मापावरून 'डब्लो'. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, इंजिन खऱ्याच्या साधारण ७६ पट लहान आणि १२ व्होल्ट डीसीवर चालणारं. रूळ मात्र तीन! मधल्या रुळातून वीज यायची आणि बाहेरच्या दोन्हींतून परत जायची. त्यामुळे चाकं, आस सगळं बिनधास्त धातूचं करता यायचं आणि गाडी गोल वळून त्याच रुळावर परत आली तरी शॉर्ट सर्किट होत नसे. म्हटलं तर ओबडधोबड, म्हटलं तर हुशार डिझाईन.

दुरुस्तीही सोपी. कॉम्युटेटरवरची काजळी अल्कोहोलने पुसायची, झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे, गोंदासारखं चिकट झालेलं जुनं तेल काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यायचा. तरी इंजिन तापतंय आणि ओढत नाहीये? मग लोहचुंबक अशक्त झालेलं असतं. त्यालाही पुन्हा चुंबकत्व देता येतं. सोल्डरिंग गन धरता येणाऱ्या कुणालाही हे जमेल. 

पण एक दुखणं मात्र बरं होत नाही. इंजिनाचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा. ओतताना त्यात शिशाचा किंचितसा अंश गेला असेल, तर दमट हवेत तो धातू कणाकणांच्या सांध्यातून आतल्या आत कुजतो. आधी फुगतो, मग तडे जातात आणि एक दिवस बिस्किटासारखा भुगा. ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरलं तर हे टळतं. म्हणजे इंजिनाचं आयुष्य ओतकामाच्या दिवशीच ठरलेलं! प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग, पण पॅच नाही :)

गंमत अशी, की डब्लोला बाजारातून उठवलं ते प्लॅस्टिकने. १९५० मध्ये रोव्हेक्सने (पुढे ट्राय-अँग) दोन रुळांवरची स्वस्त प्लॅस्टिकची गाडी आणली. तिच्या सुरुवातीच्या बॉड्याही काही वर्षांत वाकड्या व्हायच्या, पण पोरांना परवडायची. डब्लो दोन रुळांवर आलं ते थेट १९५९ साली. उशीर झाला होता. १९६४ मध्ये ट्राय-अँगच्या मालकांनी, लाइन्स ब्रदर्सनी, मेकॅनोच विकत घेतली. ते लाइन्स ब्रदर्सही १९७१ मध्ये बुडाले. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ ला बंद पडला.

सध्या माझ्या टेबलावर युद्धापूर्वीचं एक छोटं टँक इंजिन आहे. मोटर ठणठणीत, सांगाड्याला तडे. नवा सांगाडा घालून पळवावं, की आहे तसं कोरड्या डब्यात जपून ठेवावं? मित्र म्हणतात, काचेत ठेव. मला विचाराल तर, जे पळण्यासाठी बनवलं ते पळायला हवं. म्हणून मोटर दुसऱ्या इंजिनात जाणार. जुना सांगाडा मात्र चिठ्ठी लावून जपणार, काय बदललं आणि कधी, हे लिहून. आपण कोडमध्ये कॉमेंट लिहितो तसंच. पुढे ते उघडणाऱ्याला खरं काय होतं ते कळायला हवं ना?

असो. ब्रश यायचेत अजून.