अमळनेरची कंपनी आणि तयार सॉफ्टवेअरचा प्रश्न

महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरला स्थापन झाली. धंदा वनस्पती तुपाचा, जोडीला साबण. हीच पुढची विप्रो. सॉफ्टवेअर तयार घ्यावे की गरजेनुसार लिहून घ्यावे, या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना ही खानदेशी मुळाची कंपनी उभी राहिली आहे.

परकीय चलन कायद्याच्या अटी आयबीएमला मान्य नव्हत्या. १९७८ मध्ये ती भारतातून गेली आणि देशी संगणकांना वाव मिळाला. संस्थापकांचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी विप्रोत संगणकनिर्मिती सुरू केली. मग विप्रो सिस्टिम्सने ‘विप्रो ४५६’ हे स्प्रेडशीट आणि ‘इन्स्टाप्लॅन’ हे प्रकल्प आखण्याचे पॅकेज काढले. पहिले नाव १९८३ च्या ‘लोटस १-२-३’ या स्प्रेडशीटला चिमटा काढणारेच होते.

१९७९ च्या ‘व्हिसिकॅल्क’पासून स्प्रेडशीटने एक मोठी गोष्ट साधली होती: प्रोग्रामर न बोलावता हिशेबनीस स्वतःच सूत्र मांडू लागला. आजच्या नो-कोड, म्हणजे कोड न लिहिता वापरायच्या, साधनांचे मूळ इथेच शोधावे लागते. मात्र असे पॅकेज बनवणाऱ्याला सगळा खर्च आधी करावा लागतो. जाहिरात, विक्रेते, दुरुस्त्या, आणि बाजार तर अमेरिकेतला. उलट ग्राहकाच्या मागणीनुसार प्रोग्राम लिहून दिला की कामाचे पैसे ठरलेले. विप्रो अखेर या दुसऱ्या वाटेनेच मोठी झाली. निर्णय व्यवहारी होता, पण स्वतःच्या नावाचे उत्पादन मागे पडले.

घेणाऱ्याचे गणित वेगळे. जळगावच्या डाळ मिलला आवक-जावक आणि उधारीची नोंद ठेवायची असेल, तर झोहो क्रिएटरसारखे (२००६) नो-कोड साधन पुरते. फॉर्म मिलमधला कारकूनही बनवू शकतो. वजनकाट्याचा आकडा थेट बिलात उतरवायचा, प्रत्येक शेतमालाची हमाली-तोलाई निराळ्या रीतीने कापायची, असे म्हटले की तयार चौकट अपुरी पडू लागते. तेव्हा प्रोग्राम लिहून घेणे परवडते, पण दुरुस्तीसाठी त्याच प्रोग्रामरवर अवलंबून राहावे लागते. कायदा बदलला की पुन्हा खर्च. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा स्वतंत्र लिहून घेतलेल्या बिलिंग प्रोग्राममध्ये ज्याने-त्याने आपापल्या खर्चाने बदल करायचा होता. तयार पॅकेजमध्ये तो एकदा होऊन सगळ्यांना मिळतो. नो-कोडमध्ये अडवणूक दुसरीकडे असते: भाडे दरमहा चालू राहते, आणि साधन सोडताना नोंदी बाहेर काढता आल्या तरी त्यांवर बसवलेले नियम बहुधा तिथेच राहतात.