शून्य मैलाचा दगड

'मासे' हा पाराशा वाचला जातो तेव्हा पुष्कळांना तो रुक्ष वाटतो. मिसर देशातील रामसेसपासून यार्देनकाठच्या मोआबच्या मैदानापर्यंत बेचाळीस मुक्कामांची नुसती यादी! कोठून निघाले आणि कोठे तळ दिला, एवढेच. तरीही परमेश्वराच्या आज्ञेवरून मोशे रब्बेनूंनी ही यादी लिहून ठेवली, असे तोरा सांगते. प्रवास कोठून सुरू झाला हे विसरता कामा नये, हाच त्यातला बोध. त्याच पाराशात आश्रयाच्या सहा नगरांची आज्ञा आहे. या नगरांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या फाट्यांवर 'मिकलात', म्हणजे 'आश्रय', असे लिहिलेले असे, म्हणजे जीव वाचवून पळणाऱ्याची वाट चुकू नये, असे तल्मूदमध्ये सांगितले आहे. रस्त्यावर खूण करण्याची कल्पना आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून ठाऊक होती.

वॉशिंग्टन शहरात रस्त्याची अशीच एक खूण मी पाहिली. व्हाईट हाउसच्या दक्षिणेला 'एलिप्स' नावाचे लंबगोल मैदान आहे. त्याच्या उत्तर कडेला सुमारे चार फूट उंच आणि दोन फूट चौरस असा ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. माथ्यावर पितळी रंगाचे होकायंत्राचे चक्र आहे. उत्तरेच्या बाजूस 'शून्य मैलाचा दगड' या अर्थाची अक्षरे आहेत. दक्षिणेच्या बाजूस, अमेरिकेच्या महामार्गांवरील वॉशिंग्टनपासूनची अंतरे येथून मोजावीत, असे कोरले आहे. येणारे प्रवासी बहुधा व्हाईट हाउसचे फोटो काढतात. दगडाकडे पाहणारे थोडे. कोणी त्यावर पिशवी टेकवतो, कोणी हात ठेवून पुढे जातो.

या दगडामागे एक मोठी हकिकत आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या लष्कराने ठरवले की, मोटारगाड्यांचा तांडा देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पाहावा. ७ जुलै १९१९ रोजी याच जागी तात्पुरती खूण उभारून तांडा निघाला. वॉशिंग्टन ते सॅन फ्रान्सिस्को हे तीन हजार मैलांहून अधिक अंतर कापायला ६२ दिवस लागले. म्हणजे दिवसाला सरासरी पन्नास-पंचावन्न मैल! पश्चिमेकडे रस्ता असा नव्हताच. गाड्या चिखलात आणि वाळूत रुतल्या, वजनाने लाकडी पूल मोडले. सैनिकांनी ते दुरुस्त करून वाट काढली. या तांड्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा २८ वर्षांचा एक लष्करी अधिकारी होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ साली त्याच्याच सहीने ४१,००० मैल महामार्ग बांधण्याचा कायदा झाला. तरुणपणी खाल्लेले धक्के तो विसरला नव्हता.

कायमच्या दगडाची कल्पना चांगल्या रस्त्यांसाठी झटणाऱ्या डॉ. एस. एम. जॉन्सन यांची. १९२० साली काँग्रेसने परवानगी दिली, पण सरकारी तिजोरीतून खर्च होऊ नये या अटीवर. ४ जून १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते दगडाचे अनावरण झाले. देशातील सगळे रस्ते येथून मोजले जावेत असा बेत होता. तो कधीच पुरा झाला नाही. आज वॉशिंग्टनच्या आसपासचेच रस्ते येथून मोजतात. दगडावर कोरले म्हणून जग तेथून मोजू लागते, असे नाही.

जॉन्सन यांच्यापुढे नमुना होता रोमचा. इ.स.पूर्व २० साली सम्राट ऑगस्टसने रोमच्या चौकात 'सोनेरी मैलाचा खांब' उभारला. मैल हा शब्दच रोमन लोकांचा. त्यांच्या भाषेत हजार दुहेरी पावलांचे अंतर म्हणजे मैल. तोच शब्द 'मील' म्हणून तल्मूदमध्ये आला. शब्बाथच्या दिवशी गावाबाहेर चालण्याची मर्यादा दोन हजार हातांची, तेवढेच अंतर एक मील. जेत्यांचे माप आपल्या पूर्वजांनी शब्बाथच्या कामाला लावले!

पण जेत्यांचे दगड निराळे सांगत होते. हाद्रियानाने येरुशलेमचे नाव पुसून 'एलिया कॅपिटोलिना' केले. येरुशलेमहून बेत गुव्रिनकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर रोमन मैलाचे दगड सापडले आहेत. त्या काळच्या अशा दगडांवर अंतर मोजले आहे ते एलियापासून. दगडावर एलिया, पण यहुदी माणसाच्या तेफिलात येरुशलेमच. इंग्रजांनी मुंबईत मैल मोजले ते फोर्टमधील सेंट थॉमस चर्चपासून. त्याच मुंबईत आपले बापजादे सॅम्युएल स्ट्रीटवरील सिनेगॉगमध्ये पश्चिमेकडे, येरुशलेमकडे, तोंड करून उभे राहत. ते अंतर कोणत्याच दगडावर लिहिलेले नव्हते.

दुसऱ्याच्या मापाने मोजले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाने इस्राएलमध्येही अनुभवले. १९६२ साली रब्बानूतच्या सूचना निघाल्या की, बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासाव्यात. आपले लोक १९६४ च्या उन्हाळ्यात येरुशलेममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक झाली आणि त्यानंतर त्या सूचनांतून बेने इस्राएल हे नाव काढले गेले. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना अधिक सांगायला नको.

मग आपला शून्य मैल कोणता? अलिबागजवळच्या नवगावचा किनारा, जेथे गलबत फुटून आपले पूर्वज पाण्याबाहेर आले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तेथून ते कोकणच्या गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. त्या वाटेवरचे आपले मैलाचे दगड म्हणजे आपली आडनावे: नवगावकर, थळकर, चेऊलकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यांचे आडनावही किहीम गावाचेच. १८९७ साली पुरे झालेले ते पुस्तक १९३७ साली तेल अवीवमध्ये छापले गेले. या पुस्तकानेही कोकण ते इस्राएल हा प्रवास केला, असेच म्हणावे लागेल.

आज इस्राएलमध्ये ही आडनावे कोठे आखूड झाली, कोठे हिब्रू झाली. त्यात कोणाचा दोष नाही. नोकरी, लष्कर, लग्न, सगळीकडे सोपे नाव बरे पडते. पण नाव बदलले तरी गाव घरात सांगितले गेले पाहिजे. नातवाला मराठी येत नसेल तर हिब्रूत सांगावे, नकाशा उघडून रायगड जिल्ह्यात ते गाव बोटाने दाखवावे, आणि आपले आजोबा-पणजोबा तेथून कोठे कोठे गेले ते मुक्काम एका कागदावर लिहून ठेवावेत. बेचाळीस होणार नाहीत, चार-पाच होतील. ते लिहिण्याइतके ज्यांना आठवते अशी आता आपलीच पिढी उरली आहे.