भूल, झोप आणि हरवलेला वेळ

आमच्या घरात दखनी बोलतात. तिथं 'भूलना' म्हणजे विसरणं. मराठीत भूल म्हणजे चूक, मोहिनी आणि शस्त्रक्रियेआधी देतात तीही. एवढे अर्थ पोटात घेणारा शब्द मला अजून दुसरा सापडलेला नाही.

भुलीच्या इतिहासात आपल्या मुलखाचं एक पान आहे. १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. वेदना गेल्या, पण काही रोगी टेबलावरच दगावू लागले. आधी काय थांबतं, हृदय की श्वास? या वादासाठी हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. आपलं राजूर, भोकरदन, जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात. सहावे निजाम महबूब अली खान यांनी 'लॅन्सेट'ला १,००० पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह एकच : नाडी नको, श्वास पाहा. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी डॉक्टर हैदराबादेतच क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज झाली. तिचं नाव आपल्या पोरींना शाळेत कुणी सांगत नाही! पुढं १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवलं, की हलक्या भुलीत हृदयही एकाएकी दगा देतं. लॉरी अर्धेच बरोबर होते.

आयोगाला प्राणांची काळजी होती. गेलेल्या वेळेचा हिशेब त्यानं मागितला नाही.

झोपेत तो हिशेब चालू असतो. रात्रीच्या विजेवर पाणी धरणारा आमच्याकडचा शेतकरी गजराविना दोनला उठतो. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण घड्याळाविना आल्प्समधल्या गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर आला, तेव्हा त्याच्या मते २० ऑगस्ट होता. मन पंचवीस दिवस चुकलं. झोपण्या-उठण्याचं चक्र मात्र जवळपास चोवीस तासांचंच राहिलं होतं. कुराणातल्या गुहेत झोपलेल्यांनाही जागं झाल्यावर एखादाच दिवस गेल्यासारखा वाटला होता.

गुंगीच्या इंजेक्शनची तऱ्हा वेगळी. मिडाझोलाम दिलेला माणूस बोलतो, उत्तरं देतो आणि नंतर विचारतो, "सुरुवात कधी करणार?" आठवण पुसली जात नाही, मुळात उमटतच नाही.

गेल्या वर्षी जालन्यात माझी दुर्बिणीची तपासणी झाली. गुंगीत मी म्हणे एक शेर म्हटला, नवाच. सिस्टरबाईंना फार आवडला. ओळी विचारल्या तर म्हणाल्या, "शेवटी 'राहिले' होतं, दादा. बाकी नाही आठवत."