उतरलेली साखर : एका पूर्वसूचनेचा इतिहास

मराठीत ‘ताप उतरला’ ही शुभवार्ता होय. ‘साखर उतरली’ हे शब्दही त्याच समाधानाने उच्चारले जातात. दारव्हा तालुक्यातील कापसाच्या शेतात राबणाऱ्या, इन्सुलिनवर जगणाऱ्या मधुमेह्याच्या बाबतीत मात्र तेच शब्द संकटाची वर्दी ठरू शकतात.

या संकटाचा इतिहास इन्सुलिनइतकाच जुना आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलास स्वादुपिंडाचा अर्क प्रथम टोचण्यात आला. तेथील प्रयोगशाळेत अर्काची मात्रा अधिक झाल्यास सशांना झटके येत आणि ग्लुकोज देताच ते सावरत, हेही त्याच वर्षी दिसून आले.

निरोगी देह साखरेची ही घट कशी सावरतो, याचा उलगडा क्रमाने होत गेला. १९२३ मध्ये किंबॉल व मर्लिन यांनी स्वादुपिंडातील साखर चढविणाऱ्या द्रव्यास ग्लुकागॉन हे नाव दिले. १९२४ मध्ये हार्वर्ड येथील कॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, साखर घटताच अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन स्रवते. ही दोन्ही संप्रेरके यकृतातील साखर रक्तात आणवितात. या प्रतिकाराबरोबरच घाम, कापरे व धडधड ही लक्षणे प्रकटतात. रोग्यास मिळणारी पूर्वसूचना ती हीच.

इन्सुलिनावलंबी रोग्यात ही तटबंदी ढासळते. साखर घटूनही त्याचे ग्लुकागॉन वाढत नाही, असे १९७३ मध्ये गेरिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. मग उरते ते अ‍ॅड्रिनलिन. पण १९९१ मध्ये हेलर व क्रायर यांना असे आढळले की, निरोगी माणसातही एका दिवशी साखर घटली, तर दुसऱ्या दिवशीचा प्रतिकार व लक्षणे दोन्ही मंदावतात. अर्थात, वारंवार येणारे संकट स्वतःचीच चाहूल पुसून टाकते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत कडक नियंत्रणाने डोळे व मूत्रपिंडे यांची हानी कमी झाली. परंतु साखर घटण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिप्पट झाले. त्याच सुमारास आशेची बाजूही पुढे आली : साखरेची घट काही आठवडे कटाक्षाने टाळल्यास हरपलेली पूर्वसूचना बऱ्याच अंशी परत येते.

या इतिहासाचे तात्पर्य दारव्ह्यासारख्या ठिकाणी विशेष लागू पडते. वैशाखाच्या उन्हात घाम कोणास येत नाही? श्रमाने हात कोणाचे कापत नाहीत? तेथे पूर्वसूचना शाबूत असूनही ओळखली न जाण्याचा संभव आहे. ती हरपली असेल, तर सोबत्यांचे लक्ष आणि खिशातील साखर हाच आधार. म्हणून ‘साखर उतरली’ असे कोणी म्हणताच ‘किती?’ हा प्रश्न पुढे आलाच पाहिजे.