गाढ, सम आणि शिथिल : बंधवस्त्राची कथा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राजमार्गावर तिवसा हें तालुक्याचें गांव लागतें. याच तालुक्यांत, वर्धा नदीच्या कांठीं, रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध असलेलें कौंडिण्यपूर वसलेलें आहे. हा काळ्या जमिनीचा मुलूख कापसासाठीं इतका विख्यात होता कीं, एकोणिसाव्या शतकांत लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसाला उमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ हेंच नांव पडून गेलें होतें. अशा मुलखांतील माणसास कापडाची पारख उपजतच असावयाची. परंतु अलीकडे एक असें कापड घरोघरीं येऊं लागलें आहे कीं, ज्याची पारख केवळ बोटांनीं चाचपून होत नाहीं. तें म्हणजे शस्त्रक्रियेनंतर अंगास आवळून घालावयाचें वस्त्र.

अतिस्थूल देहाचें वजन उतरविण्यासाठीं जठरावर शस्त्रक्रिया करून घेणारे रोगी मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांतून आपापल्या गांवीं परततात. पुढें वर्ष-दीड वर्षांत वजन उतरून स्थिरावलें म्हणजे कित्येकांच्या पोटावरची, दंडांवरची व मांड्यांवरची सैल त्वचा काढण्यासाठीं दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर बंधवस्त्राचें महत्त्व विशेष. शस्त्रवैद्य दूर शहरांत, रोगी खेड्यांत आणि मध्यें दुकानदार, अशी स्थिति असल्यामुळें ‘जितकें घट्ट तितकें गुणकारी’ हा समज सहज बळावतो. हा समज किती चुकीचा आहे, हें या वस्त्राचा इतिहासच सांगतो.

पट्टबंधनाचें शास्त्र आपल्या देशांत फार जुनें आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत बंधांचे चौदा प्रकार वर्णिलेले असून, त्यासाठीं कापूस, क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचें वस्त्र, लोंकर, रेशीम, कातडें इत्यादि द्रव्यें सांगितलेलीं आहेत. परंतु त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, बंध किती आवळावा याच्या तीन पायऱ्या तेथें ठरवून दिल्या आहेत : गाढ, सम आणि शिथिल. गाढ बंध तो, जो दाबतो पण दुखवीत नाहीं; शिथिल तो, ज्यांतून वारा खेळतो; आणि या दोहोंमधला तो सम. नितंब, मांड्या व डोकें येथें गाढ. छाती, पाठ, पोट व हातपाय येथें सम. डोळे व सांधे येथें शिथिल, अशी स्थानांची वांटणीहि आहे. सम बंधाच्या जागीं गाढ बंध घातल्यास औषध व्यर्थ जाऊन सूज व वेदना उत्पन्न होतात, असा इशाराहि ग्रंथकारानें दिला आहे. पित्तप्रधान व्रणाचा बंध ग्रीष्म व शरद् ऋतूंत दिवसांतून दोनदां बदलावा, हा नियम तर वैशाखांतील वऱ्हाडास आजहि लागू पडण्यासारखा आहे.

ग्रंथांतलें हें ज्ञान ग्रंथांबाहेरहि नांदत होतें. बाळंतिणीचें पोट जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या पट्टीनें बांधण्याची चाल महाराष्ट्रांत घरोघरीं होती. नवें, खळ असलेलें कापड त्या कामीं कोणी घेत नसे; कारण तें त्वचेस काचतें. मात्र सुती पट्टीस एक मोठी उणीव होती. ती ताणली जात नसे. श्वासाबरोबर पोट फुगलें कीं ती काचे, आणि माणूस वळला-वांकला कीं ती सैल पडे. बांधणाराचा हात हेंच तिचें माप.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न दोन वाटांनीं झाले. पहिली वाट रबराची. चार्ल्स गुडइयर यानें गंधकाच्या योगें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट १८४४ मध्यें मिळविलें आणि थोड्याच वर्षांत, १८४८ मध्यें, इंग्लंडांत विल्यम ब्राऊन यानें रबराच्या धाग्यांचे ताणले जाणारे पायमोजे निर्माण केले. फुगलेल्या शिरांच्या रोग्यांस त्यांनीं आधार दिला, पण रबर घाम शोषीत नाहीं, उष्णतेनें कुजतें आणि कित्येकांच्या त्वचेस मानवत नाहीं. दुसरी वाट कापसाची. सुताला नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक पीळ दिला, तर तें सूत उलगडूं पाहतें व आखडतें; अशा सुताच्या पट्टीस रबरावांचूनच लवचीकपणा येतो. मुरगळलेल्या पायास आपण जें क्रेप बँडेज गुंडाळतों, त्याचें रहस्य हेंच.

तथापि दाब मोजावयाचा कसा, हा प्रश्न राहिलाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानें वक्र पृष्ठावरील ताण व दाब यांचा संबंध मांडला. ताण तोच ठेवला, तर गोलाई जितकी लहान तितका दाब अधिक. एकाच ताणाची पट्टी बारीक घोट्यावर जोरानें दाबते, तर रुंद पोटावर तिचा दाब पुष्कळ कमी पडतो. या नियमाचा व्यवहारांत उपयोग होण्यास बराच काळ जावा लागला. अमेरिकेंतील टोलेडो शहरीं राहणारा कॉनराड जॉब्स्ट हा यंत्रशास्त्रज्ञ स्वतः पायांच्या शिरांच्या विकारानें पीडित होता. पोहण्याच्या तलावांत उभें राहिलें असतां आपल्या पायांस आराम पडतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. पाणी जितकें खोल तितका दाब अधिक. मग घोट्याशीं अधिक व वर क्रमाक्रमानें कमी दाबणारा मोजा कां विणूं नये? या विचारांतून १९५० च्या सुमारास मापून विणलेल्या दाबाच्या मोज्यांचा उदय झाला. तेव्हांपासून बंधवस्त्राचा दाब रक्तदाबाप्रमाणें पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याची रीत रूढ झाली. पायमोज्यांची पहिली श्रेणी जर्मन प्रमाणाप्रमाणें घोट्याशीं १८ ते २१ मिलिमीटर, तर ब्रिटिश प्रमाणाप्रमाणें १४ ते १७ मिलिमीटर असते. म्हणून वेष्टणावर नुसता ‘पहिली श्रेणी’ हा शब्द वाचून भागत नाहीं. आंकडा पाहावा लागतो.

उरलेली उणीव रसायनशास्त्रानें भरून काढली. नायलॉन जगापुढें आलें १९३८ सालीं. आणि १९५८ मध्यें ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यानें इलॅस्टेन हा धागा सिद्ध केला, जो पुढें लायक्रा या नांवानें बाजारांत आला. तो मूळ लांबीच्या पांचपट ताणला तरी पुन्हां पूर्ववत् होतो आणि रबराहून हलका असतो. याच सुमारास स्थूलतेवरील शस्त्रक्रियाहि आकार घेत होती. १९५४ मध्यें क्रेमेन व लिनर यांनीं आंतड्याचा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेचें वर्णन प्रसिद्ध केलें व १९६६ मध्यें एडवर्ड मेसन यानें आयोवा येथें जठराची शस्त्रक्रिया आरंभिली. अशा रीतीनें वस्त्र आणि शस्त्र यांचा योग जुळून आला.

आतां निवडीचा प्रश्न. आजचें बंधवस्त्र बहुधा नायलॉन व इलॅस्टेन यांच्या मिश्रणाचें, जाळीदार विणीचें असतें. त्यांत चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, ताण : कापड आडवें व उभें, दोन्हीं दिशांनीं ताणलें जावें आणि सोडतांच पूर्ववत् व्हावें. दुसरी, घाम : ठराविक हवेंत कापूस आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के ओलावा धरतो, नायलॉन सुमारें चार टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काहि नाहीं. म्हणून वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत बाहेरून दाब देणारें नायलॉन-इलॅस्टेन व आंतून त्वचेलगत सुताचें पातळ अस्तर हा संयोग सुखावह होतो. तिसरी, शिवण : ती सपाट असावी व जखमेच्या रेषेवर येऊं नये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, माप : वजन व सूज उतरत असतां देह बारीक होत जातो, कापडाचा ताण ओसरतो, आणि काल योग्य असलेलें वस्त्र आज निरुपयोगी ठरतें. म्हणून एकदां मोठ्या किंमतीचें वस्त्र घेऊन निश्चिंत होण्यापेक्षां, दर भेटींत फीत लावून माप घेणें व आकड्यांच्या दोन-तीन रांगा असलेलें, कमीजास्त करतां येणारें वस्त्र घेणें हें शहाणपणाचें. शिवाय इलॅस्टेनला कढत पाणी, ब्लीचिंग पावडर व कडक ऊन मानवत नाहीं. कोमट पाण्यांत हातानें धुऊन सावलींत वाळवावें. दोन वस्त्रें आलटून पालटून वापरलीं, तर त्वचाहि स्वच्छ राहते व कापडहि टिकतें.

या वस्त्रापासून काय अपेक्षावें, हेंहि समजून घेतलें पाहिजे. तें शिवलेल्या भागास आधार देतें, उठतां-बसतां धीर देतें. परंतु त्वचेखालीं पाणी साचणें त्यामुळें खात्रीनें थांबतें, असें निःसंशय सिद्ध झालेलें नाहीं. उलट, पोट फाजील आवळल्यास उदरांतील दाब वाढतो, श्वास अपुरा पडतो आणि मांड्यांतील शिरांमध्यें रक्त मंदावतें. आणि मंदावलेल्या रक्तांत गांठ होण्याचें भय असतें. वस्त्र घातल्यावर पाय बधिर होणें, त्वचा निळसर दिसणें, वस्त्राच्या कांठाखालीं सूज चढणें, या खुणा दिसतांच तें सैल करून वैद्याचा सल्ला घ्यावा. एका पायांत अचानक सूज व वेदना, छातींत दुखणें किंवा धाप लागणें, असें झाल्यास क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. दाब किती व दिवस किती, हें ठरविण्याचा अधिकार शस्त्रवैद्याचा. दुकानदाराचा नव्हे, आणि शेजाऱ्याचाहि नव्हे.

तिवश्याहून अमरावतीकडे येतांना नांदगांव पेठ लागतें. तेथें एक हजार एकरांवर योजिलेल्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजीं झाली. ज्या मुलखाचा कापूस एके काळीं गांठी बांधून परदेशीं जात असे, त्याच मुलखांत उद्यां रोग्याच्या अंगास मानवेल असें, सुती अस्तराचें, मापून विणलेलें वस्त्र तयार व्हावें, ही अपेक्षा अवास्तव नाहीं. तोंवर खेड्यांतील रोग्यानें दुकानांत जातांना डॉक्टरांनीं लिहून दिलेला दाबाचा आंकडा व त्याच आठवड्यांत घेतलेलें कंबरेचें माप, हीं दोन्हीं कागदावर लिहून न्यावीं. पोटास बंध सम असावा, ही सुश्रुताची शिकवण या दोन आंकड्यांच्या आधारानें कोणासहि पाळतां येते.