स्पीकरमधील ‘हमिंग’ : दोष शोधा, अर्थिंग तोडू नका

टीव्ही, सीडी प्लेअर, संगणक आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच अॅम्प्लिफायरला जोडले, की गाणे सुरू होण्याआधीच स्पीकरमधून खर्जातील अखंड घुं-घुं ऐकू येते, असा अनुभव अनेक घरांत येतो. दुरुस्तीच्या दुकानात या दोषाला ‘हमिंग’ म्हणतात. मोठ्या आवाजातील गाण्यात तो लपून जातो. मात्र तानपुऱ्याच्या साथीने संथ आलापी सुरू असेल तर रसभंग केल्यावाचून राहत नाही. यावर सर्रास सुचविला जाणारा उपाय म्हणजे प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकणे. त्याने आवाज अनेकदा थांबतो. परंतु घरातील माणसांचे संरक्षणही त्याबरोबरच संपते. वस्तुतः पद्धतशीर तपासणी केल्यास अर्थिंगला हात न लावता हा दोष दूर करता येतो.

आवाज काय सांगतो?

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते. म्हणजेच प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने होतात. ती ध्वनीच्या मार्गात शिरली, की त्याच कंपनसंख्येचा गंभीर स्वर उमटतो. अॅम्प्लिफायरच्या आतील पॉवर सप्लायमध्ये मात्र प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात. त्यामुळे तेथील दोषाचा आवाज १०० हर्ट्झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक वरचा आणि अधिक खरखरीत असतो. प्रवाह समतल करणारे कॅपॅसिटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतील ‘कंडेन्सर’, जुने होऊन सुकले की हा आवाज सुरू होतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर फिरविताच बदलणारी चरचर हा तिसरा प्रकार होय.

दोन अर्थिंगचे वर्तुळ

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे ‘ग्राउंड लूप’. अॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगला जोडलेला असतो. टीव्हीला आलेल्या केबलच्या वायरची बाहेरील जाळी मात्र इमारतीबाहेर दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला जोडलेली असू शकते. टीव्ही व अॅम्प्लिफायर यांना ऑडिओ वायरने जोडले, की तिच्या जाळीतून एक बंद वर्तुळ तयार होते. दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या विद्युतदाबात काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी त्या वर्तुळातून प्रवाह वाहतो आणि अॅम्प्लिफायर त्यालाही गाण्याचाच भाग समजून मोठा करतो.

रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत हा त्रास अधिक जाणवतो. सीडी प्लेअरचा संदेश काहीशे मिलिव्होल्टचा असतो, तर मूव्हिंग मॅग्नेट पद्धतीच्या कार्ट्रिजचा अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास. शिवाय रेकॉर्डवर खर्जाचे स्वर दाबून कोरलेले असल्याने वाजविताना ते पुन्हा उचलावे लागतात. १,००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा स्वर सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट वाढविला जातो. त्यासोबत हमिंगही वाढते.

तपासणी कशी करावी?

१. आवाज स्पीकरमधून येतो की अॅम्प्लिफायरच्या पेटीतून, हे प्रथम ऐकावे. पेटीच गुणगुणत असेल तर ती ट्रान्सफॉर्मरची कंपने असतात. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांत हे आढळू शकते. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर दाब २३० वरून १२० व्होल्टवर आणतो. पण ५० हर्ट्झचे ६० हर्ट्झ करीत नाही. यंत्रावर ‘५०/६० हर्ट्झ’ असा उल्लेख असल्याची खात्री करावी.

२. व्हॉल्यूम कमी-जास्त करावा. हमिंग त्याप्रमाणे बदलत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात, म्हणजे बहुधा जोडलेल्या यंत्रांत वा वायरींत आहे. ते बदलत नसेल तर अॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय तपासून घ्यावा.

३. अॅम्प्लिफायर बंद करून सर्व ऑडिओ वायरी काढाव्यात आणि एकेक पुन्हा जोडत जावे. प्रत्येक वेळी आधी यंत्र बंद करणे आवश्यक आहे. अन्यथा स्पीकरला धक्का बसतो.

४. टीव्ही जोडताच हमिंग आले, तर त्याची केबलची वायर काढून पाहावी. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा.

उपाय

एकमेकांना जोडलेली सर्व यंत्रे एकाच तीन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यास अर्थिंगमधील फरक कमी होतो. रेकॉर्ड प्लेअरची स्वतंत्र बारीक अर्थ वायर अॅम्प्लिफायरमागील ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट बांधावी. ऑडिओ वायरी विजेच्या वायरींना समांतर नेऊ नयेत; ओलांडणे अटळ असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. केबल टीव्हीच्या वायरीत आयसोलेटर बसविता येतो. डीटीएचच्या छत्रीला मात्र त्याच वायरीतून वीज जात असल्याने तेथे साधा आयसोलेटर चालत नाही. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असल्यास ऑप्टिकल केबल सर्वांत उत्तम. प्रकाशातून संदेश जात असल्याने विजेचे वर्तुळच तुटते. अन्य यंत्रांसाठी ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरता येतो.

पिन का काढू नये?

आतील फेज वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर अर्थिंगमुळे मोठा प्रवाह वाहून फ्यूज वा एमसीबी तत्काळ वीज तोडतो. पिन काढलेली असल्यास पेटी २३० व्होल्टवर राहते आणि ऑडिओ वायरच्या जाळीतून तोच दाब जोडलेल्या इतर यंत्रांपर्यंत पोहोचतो. दोष उद्भवेपर्यंत काहीच बिघडलेले दिसत नाही, हीच यातील खरी मेख आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे कार्यक्रमादरम्यान ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस्ली हार्वे याचा अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन मृत्यू झाला होता.

ज्या सॉकेटवर यंत्रणा चालते त्याचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडत असल्यास त्यात पाणी घालावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे हितावह आहे. मात्र तो अर्थिंगला पर्याय नाही. अॅम्प्लिफायर स्वतः उघडू नये, कारण वीज बंद केल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो.