बोंडलं आणि चपटा चमचा

बोंडलं म्हणजे काय, हे आज तरुण आयांना समजावून सांगावं लागतं. होडीच्या आकाराचं, पुढे निमुळती चोच असलेलं, तळहातात मावणारं पितळेचं किंवा चांदीचं भांडं. तान्ह्याला मांडीवर घ्यायचं, चोच ओठाच्या कडेशी टेकवायची आणि दूध थोडंथोडं सोडायचं. दक्षिणेत त्याला पालडै म्हणतात. बंगालात झिनुक, म्हणजे शिंपला. या नावावरून वाटतं की मूळ भांडं पाण्याकाठी फुकट मिळत असावं. चांदी मागाहून आली.

आमच्यात बाळ जन्मलं की तहनीक होते. मऊ केलेल्या खजुराचा अंश तोंडात टाळूला लावतात. शेजारच्या घरी उष्टावण होतं, तेव्हा मामा खीर चाटवतो. बोंडलं मात्र दोन्ही घरांच्या फडताळात सारखंच. आणि भाषाही सारखी. दूध पाजतात, गुटी चाटवतात, घास भरवतात. या तिन्ही क्रियापदांत मूल हे कर्म आहे. कर्ता दुसराच कुणी. हे जरा लक्षात असू द्या.

चोचीचं भांडं काही आपलंच नव्हे. जर्मनीत बव्हेरियातल्या मुलांच्या कबरींत अशी मातीची भांडी सापडली, अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यांत गाय-शेळीसारख्या जनावरांच्या दुधाचे अंश आढळल्याचं २०१९ साली जाहीर झालं. १७७० साली लंडनच्या डॉ. ह्यू स्मिथ यांनी किटलीसारखं कथिलाचं भांडं काढलं. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी रबरी बोंडाचं पेटंट घेतलं. पुढे लांब रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या. बाळ एकटं पडल्यापडल्या दूध ओढी, आईचे हात मोकळे! पण नळी आतून धुता येत नसे आणि तिच्यात जंतू माजत. इंग्लंडात लोक तिला खुनी बाटली म्हणू लागले. फ्रान्सने १९१० साली कायद्याने ती बंद केली.

आपल्याकडे बाटली आली ती सुधारणेची खूण म्हणून, आणि बोंडलं अडगळीत गेलं. १९९२ साली भारतात दुधाच्या पावडरीच्या आणि बाटलीच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. २००३ साली तो आणखी कडक झाला. डॉक्टर वाटी-चमच्याचा आग्रह धरू लागले. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात आजीचं बोंडलं परत आलं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधीच्या, बत्तीस-तेहतीस आठवड्यांच्या बाळाला अंगावर ओढता येत नाही, पण ओठाशी आलेलं दूध गिळता येतं. दुभंगलेल्या टाळूच्या बाळाचंही तसंच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय डॉक्टरांच्या अभ्यासात बाटली आणि कप यांच्यापेक्षा पालडै सरस ठरली. २००७ साली इंग्लंडातल्या अभ्यासात मात्र बाटलीपेक्षा तिनेच वेळ जास्त घेतला, दूधही अधिक सांडलं. मला यात फारसं नवल वाटत नाही. भांडं तेच असलं, तरी हाताची सवय वेगळी असणार.

कारण बोंडल्यातही धोका आहेच. रडणाऱ्या बाळाचं डोकं मागे करून ते ओतलं, तर दूध श्वासनलिकेत जातं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या थोरल्या मुलांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं चालतं. मान मागे, चमचा वरून, घास थेट घशाशी. मग ठसका, पुन्हापुन्हा न्यूमोनिया आणि वजन वाढत नाही ही तक्रार.

लंडनमध्ये कारेल आणि बर्टा बोबाथ या दांपत्याने अशा मुलांच्या उपचारांची नवी पद्धत घडवली. तिच्याच आधारे नॅन्सी फिनी यांनी १९६८ साली पालकांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात जेवण भरवण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली अशा मुलांची शाळा सुरू केली.

या उपचारातला चमचा अगदी साधा असतो, लहान आणि जवळजवळ चपटा. मुलाला टेकवून सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून आणून जिभेच्या मध्यावर हलकेच दाबायचा आणि थांबायचं. वरचा ओठ खाली येऊन मुलाने स्वतः घास ओढून घ्यायचा. मगच चमचा सरळ बाहेर काढायचा. आपण सगळे चमचा वरच्या हिरडीला पुसून घेतो, तेच नेमकं करायचं नाही. पुसला की ओठाला कामच उरत नाही.

अशा जेवणाला पाऊण तासही लागतो. घरात एकटी बाई, बाकीची कामं पडलेली. ओतण्याचा मोह कुणालाही होईल, तिला दोष देणं सोपं आहे. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, बापाने किंवा आजोबांनी, निदान एक वेळचा चमचा हाती घ्यावा. आणि पातळ प्लास्टिकचा चमचा वापरू नये. यांतल्या काही मुलांचे दात चमच्यावर एकदम घट्ट मिटतात; तो तोंडातच तुटतो. दात मिटले तर चमचा ओढायचा नाही, जबडा सैल होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा.